चित्रं काढायला बाहेर पडा

संपादक साहेब,
चित्रासाठी स्टुडिओच हवा असं काही नाही हो, १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगाच्या कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि चित्रकारांना रंग घेऊन नदीकाठी, शेतात जाणं सोपं झालं, फ्रेंच चित्रकार मोनेसारख्यांनी तर उजेडच रंगवला. बाहेर बसलं की कळतं, झाडाची सावली नुसती काळी नसते, तिच्यात निळा-जांभळा दिसतो, आणि ऊन बघता बघता सरकतं म्हणून आधी सावल्या पटकन मांडून घ्यायच्या, त्या नादात डोक्यातली कटकट आपोआप थांबते, मन इतकं हलकं होतं काय सांगू! वॉटरकलर, ब्रश, कागद, पाण्याची बाटली, बास. तुमच्या रविवार पुरवणीत यासाठी एक कोपरा द्याच, मनापासून विनंती.
- एक वाचक