केसांच्या गोळ्यांच्या डबीवर रक्ततपासणीचा इशारा नसल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मी ४९ वर्षांची, दहा वर्षांपासून थायरॉइडची ७५ची गोळी घेणारी बाई. यंदा केस इतके गळू लागले की न्हाल्यावर मोरीची जाळी रोज हातानं साफ करावी लागे. वेणीच्या रबराचे दोनाऐवजी चार वेढे बसू लागले. अंबाझरीला सकाळी सोबत फिरणाऱ्या मैत्रिणीनं तुमची ‘चाळिशीनंतरचे केस’ ही जाहिरात दाखवली. दोन डब्या मागवल्या आणि सात आठवडे नेमानं गोळ्या घेतल्या.

मग नेहमीची थायरॉइड तपासणी केली. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ०.२ आला! तो एवढा खाली गेला म्हणजे गोळीचा डोस जास्त होतोय, असा अर्थ. आधी ३.१ होता. डॉक्टरांनी ७५ची गोळी ५०वर आणायचं लिहिलंसुद्धा. चिठ्ठी हातात देता देता त्यांनी विचारलं, “ताई, केसांसाठी काही घेता का?” मी पर्समधून डबी काढून दिली. चष्मा कपाळावर सरकवून, डबी डोळ्यांजवळ धरून त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली: बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) १०,००० मायक्रोग्रॅम. माणसाची रोजची गरज ३०-४०च्या घरात असते. आठवडाभर केसांच्या गोळ्या बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं, तर टीएसएच ३.४. थायरॉइड जागच्या जागी होता, आकडाच खोटा होता. केसांचं कारणही वेगळंच निघालं. अंगातल्या लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन अवघं ११, पाळीत अंगावरून फार जातं त्यामुळे.

बऱ्याच लॅबमध्ये हार्मोन मोजण्याच्या रसायनातच बायोटिन असतं. रक्तात ते भरमसाट असलं की मोजणी फसते. हार्ट अटॅक ओळखायच्या ट्रोपोनिन तपासणीतही आकडा खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या सरकारी अन्न-औषध खात्यानं, २०१७ मध्येच तसा जाहीर इशारा दिला आहे. गोळ्या बनवणाऱ्यांना हे ठाऊक नसेल, हे मला पटत नाही.

तुमच्या गोळ्या घेणार कोण? चाळिशी-पन्नाशीतल्या बायाच ना! आमच्यातल्या कितीजणींचे केस थायरॉइडमुळेच गळतात. ज्यांना ही तपासणी करावी लागते, नेमक्या त्यांनाच तुम्ही ही डबी विकता आणि त्यावर एक ओळ छापत नाही. मला त्या डॉक्टरांनी विचारलं म्हणून निभावलं. जिला कुणी विचारणार नाही, तिचा डोस उगाच कमी होईल, ती थकत जाईल आणि ‘वय झालं’ म्हणून गप्प बसेल.

हेल्पलाइनवर फोन केला, तर “मॅडम, शंभर टक्के नॅचरल आहे, तीन महिने कंटिन्यू करा” एवढंच तीनदा ऐकवलं.

डबीच्या दर्शनी बाजूला मराठी-हिंदीत ठळक छापा: रक्ततपासणीआधी डॉक्टरांना आणि लॅबला या गोळ्यांबद्दल सांगा. ज्यांनी आधी घेतल्या, त्या सगळ्यांना तसा मेसेज पाठवा. डब्यांचे आणि दुसऱ्या तपासणीचे पैसे मला परत हवेतच, पण आधी ती ओळ छापा. दोन्ही रिपोर्ट, बिलं आणि डबीचे फोटो सोबत जोडले आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक
प्रतापनगर, नागपूर