पोरांच्या बापाची जुनी गाडी

महोदय,

आपल्या पुरवणीत जुन्या गाडीची चर्चा मायलेजपाशी सुरू होते नि तिथेच संपते. आंबा घाट मजेत चढणारी गाडी दोन पोरांच्या बापाने मागूच नये का? मन महिंद्राच्या २०२० पूर्वीच्या थार जीपवर होतं. पण तिची मागची बाकडी समोरासमोर, वडापच्या जीपसारखी! चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर मोटार वाहन कायद्यात हजार रुपये दंड आहे, आणि दंड नसता तरी आमच्या हिने बसू दिलं नसतं. मारुतीची पाच दारांची जिम्नी आवडली, पण सीट चारच. आजी कुठे बसणार? आता नजर फोर्डच्या जुन्या इकोस्पोर्टवर आहे. फोर्डने इथलं उत्पादन २०२१ मध्ये थांबवायचं ठरवलं, म्हणून सुट्या भागांची चौकशी आधी करतोय.

खरी डोकेदुखी गंजाची. रत्नागिरीतल्या खाऱ्या हवेत बंदराजवळ उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत दिसते. जॅक लावायची जागा, दाराच्या खालच्या कडा, स्टेपनीखालचा पत्रा मी टॉर्च घेऊन बघतो. गंज झाकायला तळाला ताजा काळा रंग फासलेला दिसला की सरळ घरी. यावर एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून लिहून घ्याल का?

– एक वाचक, रत्नागिरी