शिक्षणमंत्री साहेब, आमच्या शाळेला हेडमास्तर द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, कर्नाटक सरकार, यांस

सा. न. वि. वि.

गेल्या शुक्रवारी बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या आमच्या सरकारी मराठी शाळेत होम झाला. प्रभारी हेडमास्तरांनी पोरांकडून 50-50 रुपये मागितले होते. माझ्या मुलीने नेले नाहीत, तिच्या बाकावरच्या मुसलमान मैत्रिणीनेही नाहीत. धूर ओसरेपर्यंत दोघींना व्हरांड्यात बसवले. दुपारचे ताटही सगळ्यांत शेवटी. रात्री पोरगी विचारते, "आई, आमचा देव वेगळा आहे काय?" साहेब, काय सांगू तिला?

त्या जेवणाच्या योजनेला तुमच्या सरकारने अक्षर दासोह नाव दिले. दासोह हा बसवण्णांच्या शरणांचा शब्द. आपण दास होऊन दुसऱ्याला वाढायचे. आमच्या आधीच्या हेडमास्तरांना तो कळला होता. माळकरी माणूस, आषाढीला रजा टाकून पंढरपूरला जायचे. पण शाळेत माळ सदऱ्याच्या आत असायची. संडास तुंबला की बादली घेऊन स्वतः शिरायचे. पंगतीत पहिलीच्या पोरांना वाढून झाल्यावर त्यांच्यातच मांडी घालून जेवायचे. कुणाची जात विचारलेली मी ऐकली नाही.

ते रिटायर होऊन 2 वर्षे झाली. "गणपतीच्या आधी कायम हेडमास्तर देतो," असे अधिकाऱ्यांनी एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास समितीच्या, बैठकीत आम्हाला सांगितले. दोन गणपती गेले, 3 प्रभारी झाले. मी 7 वेळा कचेरीत गेले, 7 दिवसांचा रोजगार बुडाला. अर्ज मराठीत म्हणून परत केला, कन्नडमध्ये लिहून आणा म्हणाले. मी चौथी शिकलेली बाई, कुणाचे पाय धरू?

पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचे शिक्षण नको, असे घटनेचे 28 वे कलम सांगते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे 350 अ सांगते. ते कलम 1956 चे. त्याच वर्षी आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, घातले. तेव्हापासून आम्ही अर्जच लिहितोय. महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना निवडणुकीत आमची आठवण येते, तुम्हाला 1 नोव्हेंबरला, राज्योत्सवाच्या दिवशी. आमच्या शाळेचे गळके पत्रे दोघांनीही बदलले नाहीत.

पोरांचे 50 रुपये परत करा. कायम हेडमास्तर द्या. कुठल्याही जातीधर्माचा चालेल, कानडी असला तरी चालेल, मराठी वाचता यावे आणि पंगतीत बसावा.

सोमवारी मला मुलीला शाळेत पाठवायचे आहे. तिला व्हरांड्यात बसवणार नाही, एवढे तरी लेखी द्या.

आपली,
एका विद्यार्थिनीची आई