गाडी जुनी आहे, हे कारण मला मान्य नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

देवरुख, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी
दिनांक : २१ जुलै २०२५

विषय : पुढची काच बदलल्यानंतर गाडीत येणारे पाणी आणि शाखेने नाकारलेली वॉरंटी

महोदय,

१६ मे रोजी आपल्या रत्नागिरी शाखेच्या दोन माणसांनी आमच्या घरी येऊन माझ्या स्कॉर्पिओची पुढची काच बदलली. गाडी जुलै २०१० ची आहे. काच, सीलंट (काच पत्र्याला चिकटवणारा चिकट पदार्थ), बीडिंग (काचेच्या कडेची पट्टी) आणि मजुरी मिळून ९,४०० रुपये मी त्याच दिवशी भरले. काच बसवण्यात दोष राहून पाणी आत आले तर एक वर्षापर्यंत विनामूल्य दुरुस्ती करून देऊ, असे बिलाच्या मागे छापलेले आहे. पहिल्या मोठ्या पावसापासून माझ्या गाडीत पाणी येत आहे, आणि आपली शाखा मला एकच उत्तर देत आहे : "मॅडम, गाडी पंधरा वर्षांची आहे."

हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही, ते सविस्तर लिहिते, कारण फोनवर माझे म्हणणे कोणी पूर्ण ऐकून घेतले नाही.

एप्रिलमध्ये मुंबई-गोवा महामार्गावर, आरवली ते कांटे या अजून काम चालू असलेल्या भागात, खडीच्या डंपरमागून जाताना दगड उडून काचेवर बसला. सुरुवातीला रुपयाएवढी चांदणी पडली होती. पुढच्या दोन आठवड्यांच्या उन्हात तिला फाटा फुटला आणि तडा थेट चालकाच्या डोळ्यांसमोर आला. जुलैमध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होत होती, म्हणजे आरटीओत फेरनोंदणीसाठी गाडी दाखवायची होती. तडा गेलेल्या काचेने पासिंग होणार नाही हे उघड होते. पाऊसही तोंडावर होता. म्हणून गावातल्या ओळखीच्या काचवाल्याकडे न जाता मी जास्त पैसे मोजून आपल्याकडे आले. आपल्याकडे लेखी वॉरंटी मिळते, एवढेच त्यामागचे कारण.

काचेबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. कोपऱ्यातला आयएसआयचा शिक्का मी स्वतः पाहिला आहे, काच लॅमिनेटेड आहे, आरपार स्वच्छ दिसते. तक्रार आहे ती काच ज्या पत्र्यावर चिकटवली त्या पत्र्याबद्दल, आणि चिकटवण्याच्या पद्धतीबद्दल.

त्या दिवशी मी अंगणातच उभी होते. शाळेला सुट्टी होती. फणसाच्या झाडाखाली गाडी लावली होती, वारा होता, वरून पालापाचोळा पडत होता. माणसांनी तार घालून जुने सीलंट कापले आणि काच उचलली. तेव्हा डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात फ्रेमचा पत्रा तांबूस झालेला मला लांबूनही दिसला. मी विचारले, "हे गंजलंय का?" आलेल्या दोघांतल्या मोठ्या मुलाने अंगठ्याने तिथे घासले, हाताला लागलेली पूड पँटला पुसली आणि म्हणाला, "थोडं आहे, वरून सीलंट बसलं की काही होत नाही." मग फडक्याने कडा पुसून त्याने तसेच सीलंट ओढले. गंज खरवडलेला मी पाहिला नाही, त्या जागी प्रायमर (सीलंटच्या आधी पत्र्यावर द्यायचा थर) लावलेला पाहिला नाही. तार ओढताना रंगावर नवे ओरखडे गेले होते, त्यांवरही काही लावले नाही. काच बसवल्यावर वर टेप लावली नाही. पहिला दिवस दारे जोरात आपटू नका, खिडकी बोटभर उघडी ठेवा, असे काहीही सांगितले नाही. पंचेचाळीस मिनिटांत काम उरकून ते निघून गेले. पुढे चिपळूणला जायचे होते, असे त्यांच्या बोलण्यावरून कळले.

जाताना छोट्या मुलाने एवढे मात्र सांगितले की पाऊस यायला अजून तीन आठवडे आहेत, तोवर सगळे पक्के होईल. यंदा मोसमी पाऊस २५ मेलाच कोकणात दाखल झाला. पण पाऊस लवकर आला हे गळतीचे कारण होऊ शकत नाही, कारण काच बसवून तोवर नऊ दिवस झाले होते.

२७ मेला सकाळी डाव्या बाजूची मॅट ओली लागली. मला वाटले, छत्रीचे पाणी असेल. दुसऱ्या दिवशी काचेशेजारच्या खांबावरचे प्लास्टिक बोटाने दाबले, तर त्याच्या फटीतून पाण्याचा ओघळ माझ्या मनगटापर्यंत आला. त्याच दिवशी मी शाखेत फोन केला. ३ जूनला एक मुलगा आला. त्याने पाण्याचा पाइप लावून गळती कुठून होते ते पाहिले नाही, बीडिंग उचलून आत डोकावलेही नाही. पारदर्शक सिलिकॉनची ट्यूब काढली आणि बाहेरून काचेच्या कडेला फिरवली. गाडीत दोन दिवस व्हिनेगरसारखा आंबट वास होता. त्याने सांगितले, "आता एक थेंब आला तर मला सांगा." चार दिवसांनी मी पुन्हा फोन केला, तेव्हा त्याने उचलला नाही.

८ जुलैची गोष्ट मला मुद्दाम नीट लिहायची आहे, कारण ही केवळ ओल्या मॅटची तक्रार नाही हे आपल्याला कळले पाहिजे.

सासऱ्यांना तपासणीसाठी कोल्हापूरला घेऊन जात होते. गाडी मीच चालवते. साखरपा मागे टाकून आंबा घाट चढायला लागलो आणि पावसाबरोबर धुकेही उतरले. वायपर जोरात चालू होते. एका वळणावर ते मधोमध थांबले. पाते काचेच्या मध्यावर तसेच उभे, आणि समोर काही दिसेना. उजवीकडे दरी होती. मी डावीकडे डोंगराच्या बाजूला गाडी घेतली, पण तेही अंदाजानेच. सासरे मागच्या सीटवर होते, त्यांचे वय ७८ आहे. मागून आलेल्या एसटीच्या चालकाने बस थांबवली, टॉर्च घेऊन आमच्याकडे आला आणि डॅशबोर्डखालची फ्यूजची पेटी उघडली. झाकण काढताच त्याच्या तळहातावर पाणी पडले. त्याने फडक्याने आतले पुसले, जळालेला फ्यूज काढून गाडीतला राखीव फ्यूज लावला, वायपर सुरू झाले. माझ्याकडे बघून तो एवढेच म्हणाला, "ताई, काच गळते तुमची, आधी हे करून घ्या." प्रवाशांनी भरलेली बस दहा मिनिटे आमच्यासाठी उभी राहिली. त्या माणसाचे नाव विचारायचे राहून गेले, याची मला अजून खंत वाटते.

कोल्हापूरहून परतल्यावर मी पुन्हा शाखेत फोन केला. तेव्हा पहिल्यांदा मला गाडीच्या वयाचे उत्तर मिळाले. फ्रेम गंजलेली असेल तर आमची जबाबदारी नाही, आधी डेंटिंगवाल्याकडून पत्रा करून आणा, मग बघू, असे सांगण्यात आले. वॉरंटीच्या कागदावर तसे कुठे लिहिले आहे, असे मी विचारले. ते नियमात आहे, असे उत्तर आले. तो नियम लेखी पाठवा म्हटले, तो आजपर्यंत आलेला नाही.

१२ जुलैला मी संगमेश्वरच्या एका अनुभवी काचवाल्याला गाडी दाखवली. त्याने डाव्या बाजूचे बीडिंग अलगद उचलले आणि खिशातले लग्नाच्या पत्रिकेचे कार्ड काचेखाली सरकवले. ते जवळजवळ चार बोटे रुंदीच्या जागेत सहज आत गेले. सीलंट काचेला घट्ट चिकटलेले होते, पण पत्र्याकडून सुटले होते, आणि सुटताना गंजाचा पापुद्रा सोबत घेऊन आले होते. त्याचे फोटो सोबत जोडले आहेत. त्याने मला जे समजावले ते आपल्या तंत्रज्ञांना माहीत नसेल असे मी मानत नाही : गंजावर लावलेले सीलंट टिकत नाही, कारण गंजच पत्र्यापासून सुटत असतो. गंज खरवडून, चमकता पत्रा दिसेपर्यंत घासून, प्रायमर लावून, तो सुकल्यावरच सीलंट लावायचे असते. आणि आंबट वासाचे ते सिलिकॉन लोखंडाच्या पत्र्याला उलट गंज चढवते. शिवाय त्याचा अंश राहिला तर नवे सीलंट त्यावर धरत नाही. म्हणजे ३ जूनच्या भेटीने दोष दूर तर झाला नाहीच, पुढच्या दुरुस्तीचे काम वाढले.

आता मूळ मुद्दा. काच चिकटलेली असताना तिच्याखालचा पत्रा कसा आहे, हे ना मला दिसू शकते, ना आरटीओच्या निरीक्षकाला. तो दिसतो फक्त काच काढल्यावर, आणि त्या वेळी समोर असतो तो आपला माणूस. १६ मे रोजी फ्रेम गंजलेली आहे हे आपल्या माणसाने पाहिले, बोटाने चाचपले, मी विचारल्यावर "काही होत नाही" असे सांगितले. तेव्हा तो थांबला असता, "ताई, हे आधी करून घ्यावे लागेल, एवढा खर्च येईल, दोन दिवस लागतील" असे म्हणाला असता, तर मी तो खर्च आनंदाने केला असता. घाई मला नव्हती, मेच्या सुट्टीत गाडी दारातच उभी होती. काम घेताना गाडीचे वय चालले, पैसे घेताना चालले, वॉरंटीचा कागद देताना चालले. पाणी आल्यावरच ते आडवे आले. कागद ज्या दिवशी दिला त्या दिवशीही गाडी २०१० चीच होती.

ही गाडी आम्ही हौसेने ठेवलेली नाही. आमच्या वाडीचा रस्ता पावसाळ्यात कसा होतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. रात्री-अपरात्री कोणाला देवरुखच्या दवाखान्यात न्यायचे तर वाडीतून हीच गाडी निघते. नवी गाडी घेणे आज आम्हाला शक्य नाही, म्हणून हिची प्रत्येक दुरुस्ती वेळेवर आणि पावतीसह केली आहे. जूनमध्ये फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि वेगळा पर्यावरण कर भरून गाडी पाच वर्षांसाठी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचे प्रमाणपत्र घेतले आहे. जुन्या गाडीच्या मालकाला नव्या गाडीच्या मालकापेक्षा कमी काळजीचे काम मिळावे, असे कुठे ठरलेले नाही. उलट जुन्या गाडीवर काम करताना जास्त पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट, लहान आहे पण सांगितली पाहिजे. जुन्या काचेवर माझा फास्टॅग होता. काच काढून नेताना त्याबद्दल मला कोणी विचारले नाही. तो सोलून दुसऱ्या काचेवर लावता येत नाही, बँकेकडून नवा घ्यावा लागतो, हे आपल्या माणसांना रोजच्या कामातून ठाऊक असणार. आधी सांगितले असते तर मी तो वेळेत मागवला असता. मुलीला पुण्याला सोडायला गेले तेव्हा नवा टॅग आलेला नव्हता, आणि आणेवाडी व खेड शिवापूर दोन्ही नाक्यांवर मला दुप्पट टोल भरावा लागला.

माझी मागणी स्पष्ट आहे. काच पुन्हा काढून, सिलिकॉन पूर्ण साफ करून, फ्रेमचा गंज खरवडून आणि प्रायमर लावून ती नव्याने बसवून द्यावी. हे काम अंगणात न करता आपल्या वर्कशॉपमध्ये, छपराखाली, माझ्यासमोर व्हावे, आणि काच काढल्यावर पत्र्याचे फोटो मला द्यावेत. पत्रा कुठे आरपार खाल्लेला निघाला आणि तिथे तुकडा जोडावा लागला, तर त्या जोडकामाचा खर्च मी देईन. तो गंज आपण आणलेला नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. परंतु काच काढणे-बसवणे, सीलंट, बीडिंग आणि मजुरी यांचा एक रुपयाही मी पुन्हा देणार नाही. काढताना काच फुटली तर नवी काच आपली. फ्यूजची पेटी आणि खालचे वायरिंग साफ करून घेण्यासाठी मला ३,६५० रुपये खर्च आला, त्याची पावती जोडली आहे. ती रक्कम परत मिळावी. नव्या कामावर काम पूर्ण झाल्याच्या दिवसापासून एक वर्षाची वॉरंटी लेखी द्यावी, आणि गाडीच्या वयाची अट त्यात असेल तर ती काम सुरू होण्यापूर्वीच दाखवावी.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपले लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १९१५ वर तक्रार नोंदवून, त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी अर्ज करीन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही आणि अर्ज करायला दोन वर्षांची मुदत आहे, याची मी माहिती घेतली आहे. तिथपर्यंत जावे लागू नये अशी माझी इच्छा आहे. मला भांडण नको, कोरडी गाडी हवी आहे.

सध्या गाडी ताडपत्री टाकून अंगणात उभी आहे आणि मी शाळेत एसटीने जाते. सासऱ्यांची पुढची तपासणी १२ ऑगस्टला आहे, त्याआधी काम झाले तर उपकार होतील. सोमवार ते शुक्रवार शाळा असते. शनिवारी दुपारनंतर किंवा रविवारी गाडी रत्नागिरीला आणून देऊ शकेन, मात्र त्या दिवशी पाऊस फार असेल तर आपण गाडी न्यायला माणूस पाठवावा. वायपर पुन्हा बंद पडण्याचा धोका पत्करून मी ती चालवणार नाही.

कळावे,

आपली ग्राहक
(सही)

सोबत : १६ मे २०२५ च्या बिलाची दोन्ही बाजूंची प्रत, फ्रेमचे सहा फोटो, वायरिंगच्या कामाची पावती, दोन टोल पावत्या, शाखेला केलेल्या फोनच्या तारखा व वेळा.