पॉवर स्टेअरिंगची गळती थांबवणाऱ्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

आपण काम करून गेल्यापासून ट्रॅक्टरच्या पुढच्या अ‍ॅक्सलखाली तेलाचा एक थेंबही पडलेला नाही. हे वाक्य लिहिताना मला किती समाधान वाटते आहे, ते जुन्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगची टाकी वरचेवर भरत राहण्याची वेळ ज्याच्यावर आली असेल त्यालाच समजेल. पैसे दिल्यावर मी आभार मानू लागलो, तेव्हा ‘कामाचे पैसे मिळाले, आता आभार कशाला’ असे म्हणून आपण अवजारे आवरायला घेतलीत. तेव्हा जे बोलायचे राहिले, ते आता सर्वांसमोर लिहीत आहे.

आपल्याआधी हा ट्रॅक्टर ज्यांच्या हातांखालून गेला त्यांची नावे मी घेणार नाही, परंतु त्यांनी काय केले हे सांगितल्याशिवाय आपल्या कामाचे मोल वाचणाऱ्याला कळणार नाही. एकाने तेलाच्या दाबाने पुढची चाके वळवणाऱ्या स्टेअरिंग सिलिंडरचे ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदलले आणि ते पुन्हा गळू लागताच सीलच हलके निघाले असे सांगून दुसरे बसवले. दुसऱ्याने गळती थांबवणारे औषध टाकीत ओतले. त्याने रबर थोडे फुगते आणि काही काळ बरे वाटते, पण सील ज्या कारणाने फाटते ते कारण जागच्या जागी राहते. तिसऱ्याने होजच्या, म्हणजे तेलाच्या रबरी नळ्यांच्या, जोडांवर सगळा जोर लावला, तांब्याचे वॉशर पार चेपून टाकले आणि शेवटी स्टेअरिंगचे अख्खे युनिट बदलावे लागेल असा निकाल दिला. या सर्वांचे निरोपाचे वाक्य मात्र एकच होते: ‘जुना ट्रॅक्टर आहे, थोडे तेल गळायचेच.’

या वाक्याचा मला आजही राग येतो. ज्या ट्रॅक्टरला संपूर्ण हायड्रॉलिक स्टेअरिंग असते, त्यात हातातले चाक आणि जमिनीवरची चाके यांच्यामध्ये लोखंडाचा दुवा नसतो, जे काही असते ते तेल असते. टाकीतले तेल खाली गेले की पंप हवा ओढतो, कण्हू लागतो, तेलाला फेस येतो आणि स्टेअरिंग कधी जड तर कधी पोकळ लागते. पाठीमागे भरलेली ट्रॉली आणि समोर उतार असताना हे घडले तर काय होईल, याचा विचार ‘थोडे गळायचेच’ म्हणणाऱ्यांपैकी एकानेही केला नाही.

आपण आल्यावर पान्ह्याला हातही लावला नाही. आधी सिलिंडर, होज आणि सगळे जोड डिझेलने धुऊन कोरडे केले, कारण तेल जिथे टपकते तिथूनच ते निघालेले असते असे नाही, ते अ‍ॅक्सलवरून ओघळत दूरवर जाते. मग इंजिन सुरू करवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला लावले. आपल्या हाताखालचा मुलगा तेवढ्यात होज चाचपायला पुढे झाला, तर आपण त्याचा हात धरून मागे घेतलात आणि गळती शोधायला त्याच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा दिलात. होजला सुईएवढे भोक असले तरी दाबाखालचे तेल कातडीतून आत घुसते, वरून नुसते टोचल्यासारखे दिसते आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावे लागते, हे आपण त्याला न रागावता, आवाज न चढवता समजावून सांगितलेत. शिकाऊ मुलाशी असे बोलणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

परंतु ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसलो ती याच्या नंतरची आहे. इंजिन बंद करून आपण सिलिंडरमधून आत-बाहेर सरकणारा रॉड स्वच्छ फडक्याने पुसला, त्यावरून स्वतःचे नख फिरवले, एका जागी थांबलात आणि मला म्हणालात, “इथे तुम्हीही नख फिरवून बघा.” मी फिरवले आणि ते अडखळले. डोळ्यांना जेमतेम दिसेल असा गंजाचा खड्डा होता, क्रोमचा मुलामा उडालेला होता, आणि शेजारी कुणीतरी पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने घासून पाडलेले चरे होते, जे तेलाला बाहेर पडायला आयती वाट देत होते. मग आपण काढलेले सील माझ्या हातात देऊन त्याच्या ओठावरची बारीक चीर दाखवलीत. कितीही चांगले सील बसवले असते तरी रॉडने त्याचा ओठ कापलाच असता.

आपण नुसते तोंडी सांगितले असते तरी मी मान डोलावली असती, कारण यापूर्वी प्रत्येकाला मी तशीच डोलावली होती. पण मला आपल्या शब्दावर विसंबून राहावे लागू नये, दोष काय आहे ते माझ्या बोटाला कळावे, एवढी काळजी आपण घेतलीत. ट्रॅक्टर माझा आहे, तेव्हा त्याचे दुखणे मला समजलेच पाहिजे, असे मानणारा कारागीर मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला. त्यानंतर रॉड बदलावा लागेल हे मला वेगळे पटवून द्यावे लागले नाही. स्टेअरिंगचे युनिट मात्र ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका, हे आपण मी विचारण्याच्या आतच सांगितलेत. माझ्या अज्ञानातून मोठी कमाई करण्याची संधी समोर असताना आपण ती नाकारलीत, आणि ती नाकारली असे आपल्याला वाटलेही नसावे. असा सरळपणा ज्याच्या अंगी आहे, त्याच्या हाती माणूस निर्धास्तपणे यंत्र सोपवतो.

आपण सांगितल्याप्रमाणे ट्रॅक्टर उभा करताना रॉड शक्य तेवढा आत राहील अशी चाके वळवून ठेवतो, आणि दिवसाचे काम आटोपले की त्यावरचा चिखल पुसून काढतो. टाकीतल्या तेलाची पातळी खुणेवर स्थिर आहे आणि पंपाचा आवाजही निवळला आहे. परतीच्या होजचे रबर कडक झाले आहे, तो पुढच्या हंगामाआधी बदलावा, असे आपण जाता जाता सुचवले होते. ते काम आपल्याच हातून व्हावे अशी माझी इच्छा आहे. सवडीचा दिवस कळवावा, ट्रॅक्टर धुऊन तयार ठेवतो.

आपला ऋणी,
एक ट्रॅक्टरमालक