मॅडम, या वर्षी डोळे एकसारखे फुटले

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं मॅडम. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

द्राक्षबागेच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, आज अकरावा दिवस. सकाळी बागेत गेलो तर पोंगा, म्हणजे नुकता फुटलेला कोंब, दिसला. मालकाडीवर, म्हणजे घड धरणाऱ्या काडीवर, डोळे उठवायच्या पेस्टचा लाल रंग अजून आहे आणि त्यातून कापूस धरलेले डोळे, म्हणजे काडीवरच्या कळ्या, वर आलेत. शेंड्याचा आणि त्याच्या खालचे दोन, जवळपास एकाच दिवशी. तिथंच बांधावर बसून ठरवलं की आभार आता जाहीरच मानायचे. तुम्ही समोर असलात की विषय बदलता.

तीन वर्षांपूर्वी आमची फूट मागेपुढे झाली होती. शेंड्याचा डोळा वीतभर वाढला आणि खालचे ढिम्म. दुसऱ्या साली दुकानदार म्हणाला, डोस वाढवा. मी पेस्टमधलं औषध, हायड्रोजन सायनामाइड, लिटरला चाळीस मिलीचं साठ केलं, तेही ऐन ऑक्टोबर हीटमध्ये. पेस्ट लावलेले कितीतरी डोळे काळे पडून वाळले. तुम्हाला फोन केला तो नेमका डोस विचारायला. तुम्ही डोस सांगितलाच नाहीत. म्हणालात, काड्या घेऊन या. खरं सांगतो, राग आला होता. माणूस बुडतोय आणि मास्तर वही मागतायत!

ओट्यावर वर्तमानपत्र पसरून तुम्ही ब्लेडनं एक डोळा उभा चिरलात आणि भिंग माझ्या हातात दिलंत. चांगल्या डोळ्यात मधला कोंब हिरवागार, बाजूचे दोन लहान. जळालेल्यात मधला तपकिरी. सूक्ष्म घडनिर्मिती, म्हणजे डोळ्याच्या आतच घड बसणं, हा शब्द चर्चासत्रांत शंभरदा ऐकलेला, पण डोळ्याच्या पोटात मी त्या दिवशी पहिल्यांदा डोकावलो. उन्हाळ्यात बसलेला घड याच्याही आत असतो, तो भिंगातून दिसायचा नाही, असं तुम्ही सांगितलंत.

मग बटाटा आणलात. जखमेवर लावायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये त्याची फोड टाकली तर भराभर फेस आला. दुसरी फोड आधी हातमोजे घालून माझ्याच पेस्टच्या पाण्यात बुडवून ठेवलेली. तिला फेस येता येईना. ही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, असं तुम्ही दोनदा बजावलंत, पण माझं काम झालं होतं. जिवंत पेशी श्वास घेते तेव्हा थोडं पेरॉक्साइड तयार होतच असतं. कॅटालेज नावाचं एन्झाइम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. फेस म्हणजे तोच ऑक्सिजन. सायनामाइड या कॅटालेजलाच अडवतं. डोळ्यात पेरॉक्साइड साचायला लागतं आणि झोपलेल्या कोंबाला तो निरोप वाटतो की काहीतरी बिघडलंय, उठा. थोडं साचलं तर निरोप, फार साचलं तर कोंब होरपळतो. माझे साठ मिली कुठं गेले ते मला ओट्याशी उभ्या उभ्या कळलं.

पुढचं मी माझ्या भाषेत लिहितो, चुकलं तर कान धरा. निरोप पोचला की डोळ्याचा श्वास अडखळतो, हवा कमी पडल्यावर जागी होणारी एन्झाइमं कामाला लागतात आणि झोपवून ठेवणारं ॲब्सिसिक आम्ल मोडीत निघतं. तुम्ही बर्च झाडाचंही सांगितलं होतंत. त्याच्या झोपलेल्या कळीत पेशी-पेशींमधल्या बारीक वाटा कॅलोज नावाच्या पदार्थानं बुजलेल्या असतात. थंडी पुरेशी झाली की एक एन्झाइम तो बुच विरघळवतं आणि पेशी पुन्हा एकमेकींशी बोलू लागतात. मी म्हटलं, म्हणजे ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार बसतो, मग आपण ॲसिड सोडतो, तसंच की! तुम्ही इतक्या हसलात. आपल्याकडे ऑक्टोबरात तशी थंडी कुठली? म्हणून तर थंडीचं काम या पेस्टवर ढकलायचं.

शेंड्याच्या दादागिरीचं कोडंही त्याच दुपारी सुटलं. १९३३ साली थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी घेवड्याच्या जातीतल्या एका रोपाचा शेंडा कापला आणि त्या जागी ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक लावलं, तर शेंडा नसतानाही खालच्या कळ्या गप्पच राहिल्या. काडीवरही वरचा डोळा आधी उठला की खालच्यांना दाबतो. आता मी मजुरांच्या टोळीला सांगतो, पेस्ट घाईनं नको, तिन्ही डोळ्यांना सारखी लागली पाहिजे, आणि काडी जाड-बारीक बघून. डोस मी वाढवलेला नाही. उलट उन्हाचा पारा चढला की कमी करतो.

पण मॅडम, खरे आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. त्या दिवशी हातमोजे काढता काढता तुम्ही म्हणालात, 'हे माणसाच्या यकृतातलंही एक एन्झाइम अडवतं. लावणाऱ्यांनी दारूला शिवायचं नाही.' मी मान डोलावली आणि विसरलो. मागच्या वर्षी पेठ तालुक्यातली टोळी होती. पेस्टिंग संपल्यावर संध्याकाळी एक जण थोडीशीच प्यायला. तासाभरात तोंड लालबुंद, छाती धडधडतेय, उलट्या. बाकीचे म्हणाले, दारू खराब होती, झोपेल की उतरेल. तेव्हा तुमचं वाक्य आठवलं. दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, आणि ते पुढे मोडणारं एन्झाइमच बंद पडलं तर ते रक्तात साठत जातं. गाडी काढली, औषधाचा डबाच सोबत घेतला आणि डॉक्टरांपुढे लेबल धरलं. रात्रभर त्यांनी ठेवून घेतलं. पहाटे गड्यानं चहा मागितला. बरा झाल्यावर त्याला सगळं समजावलं तर म्हणतो, 'दादा, येलीला उठवतं आन् मला पाडतं, असं कसं हो?'

युरोपीय संघानं २००८ साली हे औषध नामंजूर केलं. आपल्या बागांमध्ये ते चालतं, माझ्याही. त्याबद्दल मन साफ आहे असं मी म्हणणार नाही. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा मी देतो. आधी आणि नंतरचे काही दिवस पिणार नाही असं कबूल केलं तरच पेस्टिंगला घेतो. जो कबूल करत नाही त्याला काड्या गोळा करायला लावतो, मजुरी तेवढीच. यावरून गावात माझी थोडी चेष्टा होते.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नवी काडी तयार करायच्या छाटणीनंतर, साठेक दिवसांनी कॉलेजचा सूक्ष्मदर्शक घेऊन येईन आणि डोळ्यातला घड दाखवीन, असं तुम्ही म्हणाला होतात. काड्या मी कापून ठेवतो. तुमचं भिंग माझ्याकडेच राहिलंय, तेही तेव्हा घेऊन जा.

आपला,
दिंडोरीकडचा एक द्राक्षवाला