आई-बाबा, राजीनामा दिलाय

प्रिय आई-बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण बाबा नुसते "बरं" म्हणतात आणि मग मला रात्रभर झोप नाही. तर, आयटीचा जॉब सोडला. सप्टेंबरपासून इथल्या प्रायमरी शाळेत शिकाऊ टीचर. पगार कमी होईल पण घराचा हप्ता आरामात निघतो, समीरने तीनदा हिशोब केलाय, मी चारदा. हीटर लावतो, भाजी ताजी आणतो, उगाच काळजी नको. बाबा, मास्तरकी सोडून काहीही कर म्हणाला होतात, तर काहीही करून झालं की पंधरा वर्षं.

मन्याला घेऊन ॲमस्टरडॅमच्या होलोकॉस्ट म्युझियमला गेलेले. ती बिल्डिंग म्हणजे 1943 मध्ये ख्रिश्चन ट्रेनिंग कॉलेज, आपल्या डी.एड.सारखं. प्रिन्सिपॉल योहान व्हॅन हुल्स्ट, वय 32. नाझींच्या अमलात ग्रँट बंद झाली तर ह्यांनी विद्यार्थ्यांच्या पालकांकडून पैसे जमवून कॉलेज चालू ठेवलं (मला कोण आठवलं ते सांगत नाही). रस्त्यापलीकडच्या नाट्यगृहात ज्यूंना कोंबायचे आणि तिथून छावण्यांत पाठवायचे, त्यांची लहान मुलं मात्र कॉलेजशेजारच्या पाळणाघरात. मग पाळणाघराच्या पिमेंटेल बाई आणि नाट्यगृहातले सुस्किंड नोंदी गायब करायचे आणि मुलं मागच्या परसातल्या कुंपणावरून कॉलेजात, तिथून पोत्यात नाहीतर कपड्यांच्या टोपलीत घालून बाहेर. पाळणाघरासमोर ट्राम थांबली की पलीकडच्या पहारेकऱ्यांना दार दिसायचं नाही, तेवढ्यातही काही मुलं पसार. अशी सुमारे 600 मुलं वाचली.

एकदा परीक्षेला इन्स्पेक्टर आले, पोरांचा आवाज ऐकून विचारलं, ज्यू आहेत का? ह्याचं उत्तर मी देईन असं तुम्हालाही वाटत नसेल, हुल्स्ट म्हणाले. इन्स्पेक्टर बराच वेळ गप्प, मग हात मिळवून हळूच, जपून राहा. पाळणाघर शेवटी रिकामं केलं तेव्हा मुलं होती शंभरएक, हुल्स्टना नेता आली 12. माणूस 107 वर्षं जगला आणि मनात कायम ती मागे राहिलेलीच.

बाबा, तुमच्या शाळेचे ते कोणी नाझी नव्हते, नुसतेच चेअरमन होते, माहितीये. पण तुम्ही सही केली नाहीत आणि आईने त्या चार महिन्यांत डाळीत पाणी वाढवलं ते मला कळत होतं हो, मी सातवीत होते. सायकलच्या दांडीवर बसले की तुमच्या शर्टाला खडूचा वास यायचा, तो अजून आठवतो.

दिवाळीला येणं नाही जमणार. रडू नकोस आई, मेमध्ये येतो दोन आठवडे, आंबे ठेव. बाबांची शुगर सोमवारीच चेक करा, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर, आणि श्रीखंड "चमचाभरच" वगैरे मला सांगू नका. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही घेतलेला. बाथरूममधलं पायपुसणं काढलं का?

आणि बाबा, फोनवर "बरं"च्या पुढे एक वाक्य बोला. चालेल, रागावलात तरी.

तुमची,
चिऊ